दहा बोटांची मिळकत

१९१७ सालच्या डिसेंबरात पेट्रोग्राडहून फिनलंडच्या रोखाने निघालेल्या एका आगगाडीत, साडेसहा फूट उंचीचा, केस अगदी बारीक कातरलेला आणि मुद्रेवर कायमचे मळभ असलेला एक गृहस्थ आपली पत्नी आणि चौदा व दहा वर्षांच्या दोन मुली यांना घेऊन बसला होता. खिशात परवाना होता, पण तो स्कँडिनेव्हियातील काही जलशांचे निमित्त पुढे करून मिळवलेला. आणि नव्या राज्यकर्त्यांचा हुकूम असा की, देशाबाहेर जाणाऱ्याने माणशी पाचशे रूबलांहून अधिक रोकड नेता कामा नये. सामानात अंगावर घालायचे कपडे, ‘मोना व्हाना’ नावाच्या अपुऱ्या ऑपेराचा पहिला अंक, स्वतःच्या रचनांच्या काही वह्या आणि रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या ‘सोनेरी कोंबडा’ ह्या ऑपेराची स्वरलिपी, एवढाच काय तो संगीताचा ऐवज. फिनलंड ओलांडून स्वीडनच्या हद्दीत शिरताना ह्या कुटुंबाला काही मजल उघड्या बर्फगाडीतून मारावी लागली. हा प्रवासी म्हणजे सर्गेई रखमानिनॉव्ह. वय चव्वेचाळीस. पुढे तो आणखी पंचवीस वर्षे जगला. मायदेशाची सरहद्द त्याला पुन्हा एकदाही ओलांडता आली नाही.

विपन्नावस्थेत देशांतर करणारे कलावंत त्या काळी युरोपच्या प्रत्येक स्थानकावर भेटत होते. तेव्हा केवळ हालअपेष्टांच्या दृष्टीने पाहिले तर रखमानिनॉव्हच्या कथेत नवल नाही. पण हा मनुष्य अयशस्वी किंवा उपेक्षित नव्हता. मॉस्कोच्या संगीत विद्यालयाचे सुवर्णपदक त्याने १८९२ मध्ये, विशीही उलटली नव्हती तेव्हा, मिळवले होते. बोल्शोय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचे संचालन त्याने दोन हंगाम केले होते. पियानोचे दुसरा व तिसरा हे दोन कंचेर्तो, ‘घंटा’ ही समूहगान आणि वाद्यवृंदासाठी केलेली भव्य रचना, आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या रात्रीच्या उपासनेचे संगीत, ही सारी कामे हातावेगळी झालेली होती. रशियात त्याच्या तीन ओळखी होत्या: रचनाकार, वाद्यवृंद-संचालक आणि पियानोवादक, आणि त्यांचा दर्जाही ह्याच क्रमाने तो स्वतः मानीत असे. परमुलखाने हा क्रम उलटा केला.

त्याच्या मालकीची चौथी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते ती ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काहीच उमगत नाही. तांबोव प्रांतातील इवानोव्हका ही सासरकडची जमीनदारी. डोंगर नाही, समुद्र नाही, क्षितिजापर्यंत पसरलेली नुसती शेते; पण रखमानिनॉव्हचा जीव त्या सपाट मातीत असा गुंतला होता की, जलशांतून आणि रचनांतून आलेली बहुतेक कमाई त्याने अवजारांत, जनावरांत आणि शेताच्या सुधारणेत ओतली. ‘लॉरेलाय’ नावाची मोटारही तिथे होती, आणि ती कच्च्या रस्त्यांवरून भरधाव हाकण्याचा त्याला भारी शोक. उन्हाळा इवानोव्हकेत आणि हिवाळा मैफलींत, असे त्याच्या वर्षाचे दोन भाग होते. लेखन होई ते मुख्यतः पहिल्या भागात. तिसरा कंचेर्तो १९०९ च्या उन्हाळ्यात तिथेच पुरा झाला. १९१७ च्या वसंतात तो शेवटचा तिथे गेला, तेव्हा कुळांचा रागरंग पालटला होता. पुढे लवकरच जमीन जप्त झाली आणि घराचीही नासधूस झाली. त्या वर्षीच्या शरदात मॉस्कोतल्या रस्त्यांवर गोळीबार चालू असताना हा मनुष्य घरात बसून तारुण्यात लिहिलेला आपला पहिला कंचेर्तो नव्याने दुरुस्त करीत होता, आणि पाळी आली की इमारतीच्या रहिवासी-समितीतर्फे पहाऱ्याला उभा राहत होता.

स्वीडनहून कुटुंब डेन्मार्कला गेले. कोपनहेगनमध्ये राहण्यापुरती जागा मिळाली, कर्जाचा बोजा होताच, आणि १९१८ च्या फेब्रुवारीपासून जलसे सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेहून तीन प्रस्ताव आले. बोस्टनच्या विख्यात वाद्यवृंदाला संचालक हवा होता. तीस आठवड्यांत एकशे दहा जलसे, असा कामाचा आराखडा. सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाचेही तसेच बोलावणे होते. तिसरा प्रस्ताव पियानोवादनाच्या पंचवीस मैफलींचा. कर्जबाजारी माणसापुढे तीन-तीन ताटे मांडलेली असताना त्याने तिन्ही नाकारली. वाद्यवृंदांना नकार देण्याचे कारण मला त्याच्या सचोटीचे द्योतक वाटते: एवढ्या मैफलींना पुरेल इतक्या परक्या रचना आपल्या हाताखालून गेलेल्या नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. मात्र ह्या बोलावण्यांतून तिकडे बाजार आहे एवढे कळले. आपल्या जबाबदारीवर जायचे, आणि जायचे ते पियानो घेऊन, असे त्याने ठरवले. एका रशियन बँकरने प्रवासापुरते पैसे उभे करून दिले. १ नोव्हेंबर १९१८ रोजी नॉर्वेच्या राजधानीहून ‘बर्गेन्सफ्योर्ड’ ही आगबोट सुटली आणि १० तारखेला न्यूयॉर्कला पोचली. दुसऱ्याच दिवशी महायुद्धाच्या तहकुबीची वार्ता आली. भोंगे, घंटा, शिट्ट्या आणि किंकाळ्या यांनी शहर दुमदुमले. आणि तो जल्लोष ज्यांच्या कानी पडला त्या ह्या नवागत कुटुंबाच्या देशात मात्र यादवी पेटत चालली होती.

पियानोच का, ह्या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात आहे. रचना हे पोटापाण्याचे साधन होऊ शकत नव्हते, कारण रशियाने बर्नच्या स्वामित्वहक्क-करारावर सही केली नसल्यामुळे त्याच्या जुन्या, जगभर गाजलेल्या रचनांचे उत्पन्न परदेशात कोणीही खावे आणि मूळ धन्याने पाहत राहावे, अशी स्थिती होती. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सी-शार्प मायनर स्वरातला तो प्रसिद्ध प्रेल्यूड. एकोणिसाव्या वर्षी, १८९२ मध्ये, लिहिलेला हा चार-पाच मिनिटांचा तुकडा मॉस्कोच्या प्रकाशकाने चाळीस रूबलांना घेतला होता. पुढे त्याचा आतेभाऊ आणि गुरूही असलेला अलेक्सांदर सिलोती ह्याने पश्चिमेकडच्या दौऱ्यात तो वाजवला आणि बघताबघता इंग्लंड-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतल्या पियानोंवर त्याचे राज्य सुरू झाले. प्रकाशकांनी त्याला ‘मॉस्कोचा अग्निदाह’, ‘न्यायाचा दिवस’ अशी मनाला येईल ती नावे देऊन तो खपवला. त्यांचे वाडे उठले असतील. कर्त्याला चाळीस रूबल.

आणि आता हाच तुकडा त्याच्या आधी अमेरिकेत पोचून त्याची वाट पाहत होता. आपल्याकडे गवयाने चांगला तास-दीड तास मारवा विस्तारावा आणि कोपऱ्यातून कोणीतरी त्याच त्या रेकॉर्डवरच्या भजनाची फर्माईश करावी, तसा हा प्रकार दर रात्री घडे. छापील कार्यक्रम संपला की सभागृहातून ‘सी-शार्प’च्या आरोळ्या उठत, आणि काळ्या पोशाखातला तो दीर्घकाय मनुष्य, ओठाची रेघ न हलवता, पुन्हा पियानोपाशी बसून एकोणिसाव्या वर्षीचे आपलेच पोर श्रोत्यांच्या मांडीवर देई. परक्या संस्कृतीत अपरिचित म्हणून जाणे कठीण खरेच. पण एका क्षुल्लक गोष्टीपुरते परिचित म्हणून जाणे त्याहून कठीण असावे. अपरिचिताला निदान आपली ओळख आपण करून देता येते.

पहिला जलसा ८ डिसेंबर १९१८ रोजी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स ह्या गावी झाला. त्या वर्षी जगभर थैमान घातलेल्या इन्फ्लुएन्झाने न्यूयॉर्कला येताच त्यालाही गाठले होते, आणि पुरते बरे वाटण्याआधीच तो मंचावर उभा राहिला. अमेरिकन राष्ट्रगीताची पियानोसाठी केलेली स्वतःची मांडणीही त्याने त्या पहिल्या हंगामात वाजवली. ते गीत तेव्हा कायद्याने राष्ट्रगीत झालेलेही नव्हते. ते भाग्य त्याला १९३१ मध्ये लाभले. पाहुण्याने यजमानाचा दंडक पाळला, इतकेच.

खरी पायपीट ह्याच्या पुढे होती. रशियात तो मैफलीत वाजवी ते मुख्यत्वे स्वतःचेच. मित्र स्क्रियाबिन १९१५ मध्ये वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ केलेल्या मैफली हा अपवाद. पण अमेरिकेतल्या गावोगावच्या सभागृहांना दर हंगामात नवा, भरगच्च, सर्व अभिजात रचनाकारांचा कार्यक्रम लागे: बाख, बीथोव्हन, शूमान, शोपँ, लिस्ट. म्हणजे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात उस्ताद शागिर्दांना तालीम देतात त्या वयात, ह्या उस्तादाने स्वतः शागिर्द व्हायचे पत्करले आणि इतरांच्या रचना एकेक करून हाताखाली घालायला घेतल्या.

तो हे कसे करी, ह्याचे एक दर्शन एब्रम चेसिन्स ह्या पियानोवादकाने लिहून ठेवले आहे. पुढच्या काळात, हॉलीवुडमध्ये, ठरल्या वेळी तो भेटीला गेला, तेव्हा आतून पियानोचे सूर येत होते; पण इतके संथ, एकमेकांपासून इतके दूर पडणारे, की वाजते आहे ते काय हेच उमजेना. दारात थबकून त्याने कान दिला. हळूहळू ध्यानात आले की ती शोपँची प्रसिद्ध तालीम-रचना आहे. उजव्या हाताला दोन-दोन सुरांच्या जोड्या अतिद्रुत लयीत धावायला लावणारी, भल्याभल्यांना घाम फोडणारी. स्वरलिपीतील दोन उभ्या रेघांमधला जो एक कप्पा मैफलीत दोन सेकंदांत उलटतो, त्याला आत बसलेला मनुष्य वीस सेकंद घेत होता, आणि घड्याळ लावावे तशी ती गती अचल होती. चेसिन्स घंटी न वाजवता बराच वेळ तसाच उभा राहिला. हा काही नवशिका नव्हता. पियानोवादकांत ज्याचे नाव पहिल्याने घ्यावे असा, साठीच्या आसपासचा माणूस होता. आपल्याकडच्या जुन्या खाँसाहेबांनी पहाटेच्या खर्जाबद्दल जे ऐकवले असते, तेच ह्या बंद दारामागे चालले होते.

ह्या मेहनतीचे दाम मिळाले, आणि रोख मिळाले. स्टाइनवेचे पियानो, व्हिक्टर कंपनीशी ध्वनिमुद्रणाचा करार, हंगामागून हंगाम भरलेली सभागृहे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर स्वतःचे घर. त्या घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र अमेरिका फारशी आलीच नाही. नोकरचाकर रशियन, चिटणीस रशियन, बोलणे रशियन, सणवार ऑर्थोडॉक्स. मॉस्को आर्ट थिएटरची मंडळी दौऱ्यावर आली की त्यांना घरी बोलावून रात्र-रात्र जागवायची. मायदेशी उपासमार होत असलेल्या आप्तांना आणि जुन्या संगीतकारांना अन्नाची पार्सले जात, आणि हातातला पैसा देशबांधवांकडे सहज वळे. १९२३ मध्ये इगोर सिकोर्स्की नावाचा एक निर्वासित रशियन अभियंता लाँग आयलंडवरच्या कोंबड्यांच्या वाडीत मोडकळीच्या साहित्यातून विमान बांधत होता. रखमानिनॉव्हने त्याच्या कंपनीचे पाच हजार डॉलरांचे भाग घेतले आणि आपले नाव उपाध्यक्ष म्हणून वापरू दिले. ज्याला विमानातले काही कळत नव्हते अशा माणसाचा हा व्यवहार, आणि तो बुडीत खाती गेला नाही. सिकोर्स्कीची हेलिकॉप्टरे पुढे जगाने पाहिली.

परंतु जमेच्या बाजूचा हा ताळेबंद वाचताना खर्चाची बाजू झाकून चालणार नाही. देश सोडल्यापासून पुढची आठ-नऊ वर्षे, इतरांच्या रचनांचे पियानोसाठी केलेले काही रूपांतर वगळता, त्याच्या लेखणीतून स्वतःचे असे जवळजवळ काही उतरले नाही. पंचवीस वर्षांच्या परदेशवासात पुऱ्या झालेल्या नव्या कृती अवघ्या सहा. रोज तालीम, रात्री मैफल, पहाटे आगगाडी, ह्या चक्रात लेखनाला उसंत नव्हती, हे कारण पटण्यासारखे आहे. तोही ते देत असे. पण त्याच्या बोलण्यात दुसरे एक कारण पुनःपुन्हा येई: देश गेला तशी लिहिण्याची वासनाच गेली. टीकाकारांना हे भावविवशतेचे वाटले. मला मात्र वाटते की, हे शेतकऱ्याचे बोलणे आहे. दर उन्हाळ्यात ज्या जमिनीत जाऊन तो पीक घेत होता ती जमीनच जप्त झाली होती. आणि अमेरिकेने त्याच्याकडून विकत घेतली होती ती दहा बोटे. जमिनीची मागणी तिथे कोणालाच नव्हती.

चौथा कंचेर्तो १९२७ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात वाजला आणि पडला. मग त्याची काटछाट सुरू झाली, ती १९४१ पर्यंत थांबली नाही. १९३१ च्या ‘कोरेल्लीच्या पदावरील रूपभेदां’ची हकीकत तर विनोदी वाटावी इतकी केविलवाणी आहे. मेट्नर ह्या रचनाकार मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच सांगितले आहे की, ही रचना अखंड अशी आपण एकदाही वाजवलेली नाही. वाजवताना श्रोत्यांच्या खोकल्याकडे कान ठेवायचा. खोकला वाढला की पुढचा रूपभेद गाळायचा, नाही वाढला तर क्रमाने पुढे जायचे. वीसपैकी अठरापर्यंत मजल गेली ती न्यूयॉर्कला. एका लहान गावी दहाच झाले. ज्याने तरुणपणी श्रोत्यांची पर्वा न करता लिहिले, तो आता त्यांच्या घशावर नजर ठेवून लिहिलेलेही गाळीत होता.

त्याच वर्षी एक प्रकरण घडले, ज्यात अकल्पितपणे हिंदुस्थानचा धागा गुंतला आहे. १९३० च्या सप्टेंबरात रवींद्रनाथ ठाकूर सोव्हिएट रशियाला जाऊन आले होते आणि तिथल्या शिक्षणप्रसाराने भारावले होते. तिथून ते अमेरिकेत आले आणि तिथेही त्यांनी ती स्तुती बोलून दाखवली. १५ जानेवारी १९३१ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ह्या स्तुतीचा निषेध करणारे एक पत्र प्रसिद्ध झाले. खाली सह्या तीन: टॉलस्टॉयचा पुत्र इल्या, ऑस्ट्रोमिस्लेन्स्की हा रसायनशास्त्रज्ञ, आणि रखमानिनॉव्ह. राजकारणापासून सदैव अंग चोरणाऱ्या ह्या माणसाने इतकी वर्षे मिटलेले तोंड उघडले, ते आपल्या कवीच्या निमित्ताने. मॉस्कोने तत्काळ जबाब दिला: त्याच्या संगीतावर बहिष्कार पुकारला गेला, तो दोनेक वर्षे टिकला. रवींद्रनाथांनी मॉस्को सोडण्यापूर्वी ‘इझ्वेस्तिया’ला दिलेल्या मुलाखतीत तिथल्या दडपशाहीविषयी आणि द्वेषाच्या शिकवणीविषयी स्पष्ट नापसंती दर्शवली होती, पण ती मुलाखत त्या वृत्तपत्राने दाबून ठेवली आणि छापली थेट १९८८ मध्ये. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल तो त्यांना जाब विचारीत होता ती ते बोलून चुकले होते.

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या सरोवराकाठी त्याने दरम्यान घर बांधले, आणि सर्गेई, पत्नी नताल्या व आडनाव यांची अक्षरे जोडून त्याला ‘सेनार’ हे नाव दिले. इवानोव्हका नव्हे, पण पायाखाली स्वतःची माती होती. आणि तिथे १९३४ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांत, पागानीनीच्या पदावरची रॅप्सडी लिहून झाली. ती बाल्टिमोरला वाजली आणि तात्काळ लोकप्रिय झाली. पाच वर्षांनी, १९३९ च्या ऑगस्टात, दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाने सेनारही तोडले.

१९४० च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवर त्याने ‘सिंफनिक नृत्ये’ लिहिली. हीच अखेरची कृती. ३ जानेवारी १९४१ रोजी यूजीन ऑर्मंडीच्या संचालनाखाली फिलाडेल्फियात ती सादर झाली. पुढे हिटलरच्या फौजा रशियात घुसल्यावर, ज्या राजवटीने त्याची जमीन घेतली तिच्याच सैनिकांसाठी त्याने न्यूयॉर्कला मैफल केली आणि जमलेले ३,९२० डॉलर सोव्हिएट वकिलातीच्या हवाली केले. १ फेब्रुवारी १९४३ रोजी तो अमेरिकेचा कायदेशीर नागरिक झाला. १७ तारखेला टेनेसीतील नॉक्सव्हिलला शेवटची मैफल; कार्यक्रमात शोपँचा तो सोनाटा होता, ज्यात अंत्ययात्रेची संथ चाल येते. २८ मार्चला बेव्हर्ली हिल्सच्या घरी कर्करोगाने देह ठेवला. सत्तरीला चार दिवस कमी होते.

त्या नृत्यांपैकी पहिल्याच्या शेवटी, वाद्यवृंदाचा सारा खडखडाट ओसरल्यावर, तंतुवाद्यांवर एक संथ, उजळ चाल येते. आधीच्या संगीतात ती कुठेच नाही, आणि फिलाडेल्फियातल्या श्रोत्यांना ती ओळखू येण्याचा संभव नव्हता; कारण ती बावीस वर्षांच्या रखमानिनॉव्हच्या पहिल्या सिंफनीतली होती. ती सिंफनी १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एकदाच वाजली होती. ग्लाझुनॉव्हचे संचालन बिघडले, टीकाकार क्युई याने तिची तुलना इजिप्तवर कोसळलेल्या ईश्वरी संकटांशी केली, आणि तरुण कर्ता तीन वर्षे लेखणी धरू शकला नाही; दाल नावाच्या एका डॉक्टरांच्या उपचारांनी तो सावरला. तिची स्वरलिपी मॉस्कोच्या घरी राहिली आणि नंतर नाहीशी झाली. १९१७ च्या त्या सामानात ती नव्हती. लेनिनग्राडच्या एका ग्रंथालयात वादकांचे सुटे कागद सापडले तेव्हा त्यांवरून ती पुन्हा जुळवण्यात आली, आणि १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, अलेक्सांदर गाउक याच्या संचालनाखाली, मॉस्कोत वाजली.